बांधाचा दावा आणि दिल्लीचं कोर्ट

सातारा जिल्ह्यात दिवाणी वकिली करताना पक्षकारांच्या तोंडून एक वाक्य मी अगणित वेळा ऐकलं आहे: "वकीलसाहेब, वेळ पडली तर दिल्लीपर्यंत जाऊ, पण सोडायचं नाही." म्हणणाऱ्याची जमीन दोन-अडीच एकर असते. भांडण असतं विहिरीतल्या चार आणे हिश्श्याचं, बांधावरच्या दोन आंब्यांचं, नाहीतर सामाईक वाटेनं ट्रॅक्टर जाऊ द्यायचा की नाही याचं. तरीही दिल्लीचं नाव तो सहज घेतो, आणि ते घेताना त्याच्या मनात दोन भावना एकदम असतात. देशात शेवटचं एक दार आहे आणि ते आपल्यासारख्यालाही उघडं आहे, हा विश्वास. आणि त्याआधीच्या सगळ्या दारांवरचा अविश्वास.

त्या विश्वासाचा मला अभिमान आहे. पण या अविश्वासाचा सगळा भार आपण सर्वोच्च न्यायालयावर टाकला आहे, आणि त्यामुळे ज्या कामासाठी ते उभं केलं तेच काम मागं पडतंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचे एक पक्षकार आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. शेजारच्या रानवाल्यानं, म्हणजे त्यांच्याच चुलतभावानं, बांध कोरत कोरत अकरा गुंठे आत घेतले. तात्यांनी १९९८ साली दावा लावला. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, आली, मोजणी झाली, नकाशा पुराव्यात निशाणी पडला, साक्षी आणि उलटतपास झाले. २००९ साली हुकूमनामा तात्यांच्या बाजूनं झाला. जिल्हा न्यायालयात अपील झालं, ते २०१५ साली फेटाळलं गेलं. मुंबईत दुसरं अपील झालं, तेही २०२३ साली गेलं. तिन्ही ठिकाणी मुद्दा एकच होता, नकाशात अतिक्रमण दिसतंय की नाही, आणि तिन्ही ठिकाणी उत्तर एकच आलं. त्यानंतर चुलतभाऊ दिल्लीला गेले. तात्यांनीही तिथं वकील दिला, आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये म्हणून कॅव्हेट लावलं आणि तारखेला गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन गाठलं. प्रकरण पुकारलं गेलं आणि संपलं, त्यात दोन मिनिटंही गेली नाहीत. इंग्रजीत काय झालं ते तात्यांना बाहेर आल्यावर कळलं. चुलतभावाची याचिका फेटाळली होती.

परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "साहेब, तिथं दोन मिनिटांचंच काम होतं, तर एवढ्या लांब गेलोच कशाला?"

त्यांना तेव्हा मी काहीतरी बोललो. नीट उत्तर द्यायला मला बराच विचार करावा लागला.

संविधानाचं कलम १३६ सर्वोच्च न्यायालयाला एक विलक्षण अधिकार देतं. लष्करी न्यायालयं सोडली तर देशातल्या कुठल्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध अपील करायची विशेष परवानगी ते देऊ शकतं. त्यासाठीचा अर्ज म्हणजे वकिलांच्या बोलीतली एसएलपी, स्पेशल लीव्ह पिटिशन. हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या मर्जीचा अधिकार आहे. न्यायालय स्थापन झालं त्याच वर्षी, १९५० साली, प्रीतम सिंग प्रकरणात न्यायाधीशांनी बजावलं होतं की हा अधिकार अपवादात्मक प्रसंगीच, हात राखून वापरायचा. तेव्हा सरन्यायाधीश धरून आठ न्यायाधीश होते. मंजूर संख्या २०१९ साली ३४ झाली आणि आज प्रलंबित प्रकरणं ८० हजारांच्या पुढे गेली आहेत. यातला मोठा भाग एसएलपीचा आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या अपिलांचा. अपवाद रोजचा झाला.

दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालयानं फक्त कायद्याचा भरीव प्रश्न असेल तरच लक्ष घालायचं, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०० सांगतं. १९७६ च्या दुरुस्तीनं ते मुद्दाम तसं घट्ट केलं. म्हणजे बांध कुठं होता, हा प्रश्न जिल्हा न्यायालयातच संपायला हवा, असं कायदेमंडळानंच ठरवलेलं आहे. तोच प्रश्न मुंबईवरून उडी मारून दीड हजार किलोमीटरवर पोचतो, तो फक्त कलम १३६ चं दार सताड उघडं असल्यामुळे.

यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. न्यायालय फेटाळतंच की. फेटाळतं, पण फेटाळण्याआधी कागद वाचावे लागतात. न्यायाधीश आदल्या रात्री फायली वाचतात, नव्या अर्जांच्या दिवशी एकेका खंडपीठापुढे कित्येक प्रकरणं लागतात, आणि हे सगळं करण्यासाठी न्यायालयाला दोन-दोन न्यायाधीशांच्या खंडपीठांत वाटून बसावं लागतं. मग एकाच छपराखाली पंधरा-सोळा सर्वोच्च न्यायालयं होतात. एका खंडपीठानं जामिनाबद्दल एक म्हणायचं, दुसऱ्यानं महिन्याभरात वेगळा सूर लावायचा, आणि खालच्या न्यायाधीशानं दोन्ही निकाल समोर ठेवून डोकं धरायचं, हे आम्ही रोज पाहतो. (खालचा हा शब्दही खरं तर टाकायला हवा. दिल्लीतल्या न्यायाधीशांनीच २०२४ साली सांगितलंय की ज्या न्यायालयात खटला चालतो त्याला कनिष्ठ म्हणू नका. सवय जात नाही.) अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय नऊ न्यायाधीशांचं, ते सगळे एकत्र बसतात आणि वर्षाला साठ-सत्तर प्रकरणं पूर्ण ऐकून निकालात काढतात. आपल्याला तेवढं आखडून चालणार नाही. मात्र देशाच्या शेवटच्या न्यायालयाचा आवाज एक असावा लागतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

हे न्यायालय मुळात कशासाठी, याचं उत्तर शोधायला सातारकराला फार लांब जावं लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी हे नाव दाखल झालं. पुढं संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी त्याच विद्यार्थ्यानं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, एका कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं. ते आजचं कलम ३२: मूलभूत हक्कावर घाला आला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क, आणि हा मागण्याचा हक्क स्वतःच मूलभूत. ज्याला शाळेत इतर मुलांपासून वेगळं बसावं लागलं, त्यानं समतेच्या हक्काइतकंच महत्त्व तो हक्क मिळवून देणाऱ्या दाराला दिलं. हक्क कागदावर राहतात हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

बाबासाहेब साताऱ्यात शिकत होते त्याच काळात, १६ मार्च १९०१ रोजी, याच गावात प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांचा जन्म झाला. १९६४ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले आणि दोनच महिन्यांत त्यांच्यापुढं असा पेच आला, जो आजही प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्यानं समजून घ्यावा. उत्तर प्रदेश विधानसभेनं हक्कभंगाबद्दल एका कार्यकर्त्याला सात दिवस तुरुंगात पाठवलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला. विधानसभा इतकी खवळली की त्या दोन न्यायाधीशांनाच ताब्यात घेऊन सभागृहापुढं हजर करा, असा ठराव तिनं केला. उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाची अंमलबजावणी थांबवली. शेवटी राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. सात न्यायाधीश बसले आणि ३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं मत आलं. ते गजेंद्रगडकरांनी लिहिलं. त्याचं सार असं की इंग्लंडात पार्लमेंट सर्वश्रेष्ठ असेल, आपल्याकडे संविधान श्रेष्ठ आहे. विधानसभाही त्याच्या चौकटीत आहे, आणि चौकट कुठं आहे ते न्यायालय सांगणार.

सर्वोच्च न्यायालयाचं खरं काम ते हे. सात न्यायाधीश, एक प्रश्न, हवा तेवढा वेळ, आणि देशभर एकच उत्तर. सहा महिन्यांच्या आसपास.

हे काम वेळेवर झालं नाही तर काय होतं, तेही आम्ही इथं अनुभवलंय. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला आणि बदलून द्यायला मनाई केली. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याचं खातं कुठं असतं? ऊसबिल कुठं जमा होतं, पीककर्ज कुठून उचलतो? गावातल्या विकास सोसायटीची बँकही तीच. ऐन रब्बीच्या पेरणीला माणसं बंद खिडकीपुढं उभी होती. नोटाबंदी घटनेनुसार झाली की नाही हा प्रश्न त्याच डिसेंबरात पाच न्यायाधीशांकडे सोपवला गेला. निकाल आला २ जानेवारी २०२३ रोजी. चार विरुद्ध एक असा तो सरकारच्या बाजूनं लागला. मी त्या निकालाच्या बरोबर-चूक असण्यात शिरत नाही. उलटा लागला असता तरी सहा वर्षांनी त्या खिडकीपुढच्या माणसाला त्याचा काय उपयोग होता? निवडणूक रोख्यांचं असंच झालं. योजना २०१८ ची, ती घटनाबाह्य ठरली १५ फेब्रुवारी २०२४ रोजी. मधल्या काळात २०१९ ची लोकसभा निवडणूक त्याच पैशावर लढून झाली होती.

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण आमच्या जिल्हा परिषदांचं. सातारा काय, सांगली काय, दोन्हीकडच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं संविधानाचं कलम २४३-ई सांगतं. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभाग रचना कुणी करायची याचा वाद, त्यावर सरकारांनी बदललेले कायदे, आणि दिल्लीतला 'जैसे थे', म्हणजे आहे तसंच ठेवा, हा आदेश, यांत निवडणुका अडकल्या. दोष एकट्या न्यायालयाचा नाही, राज्यात सत्तेवर आलेल्या कुठल्याच सरकारला घाई नव्हती. पण 'जैसे थे' हे दोन शब्द बांधाच्या दाव्यात ठीक असतात. लोकशाहीच्या बाबतीत ते निकालासारखेच असतात, कारण प्रशासकाच्या हाती कारभार राहणं म्हणजेच 'जैसे थे'. ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला, तोपर्यंत तीन वर्षं उलटली होती. त्या तीन वर्षांत शाळेची गळकी खोली दाखवायला गावकऱ्याकडे निवडून दिलेला सदस्य नव्हता. या प्रकरणाला मिळायला हवा होता तो वेळ तात्यांच्या बांधासारख्या हजारो प्रकरणांनी खाल्ला, असं मी म्हणतो तेव्हा तात्यांना दोष देत नाही. त्यांना तिथं ओढून नेणाऱ्या व्यवस्थेला देतो.

घाईनं आणि लहान खंडपीठानं मोठा प्रश्न सोडवला तर उलटा त्रास होतो, तेही सांगायला हवं. आटपाडी, खरसुंडी, म्हसवडच्या बाजूला खिलार जनावर घरातल्या माणसासारखं वाढवतात. ७ मे २०१४ रोजी दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. राज्यानं २०१७ साली कायदा केला, उच्च न्यायालयानं तो रोखला, २०१८ साली विषय पाच न्यायाधीशांकडे गेला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं सांगितलं की शर्यत ही परंपरा आहे की नाही हे ठरवणं कायदेमंडळाचं काम, न्यायालयाचं नव्हे. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. बैलाच्या वेदनेचा प्रश्न खोटा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जो प्रश्न २०२३ साली पाच जणांनी कायदेमंडळाकडे परत दिला, तो २०१४ सालीच पाच जणांपुढं गेला असता, तर मधली साडेसात वर्षं दावणीचे खोंड मिळेल त्या भावाला विकण्याची वेळ कितीतरी घरांवर आली नसती.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप. एक सहकारी मित्र, फौजदारी बाजूचे, मला म्हणाले, "कलम १३६ आवळायचं म्हणता, पण त्या सहा जणांचं काय?" त्यांचा आक्षेप मी दोन-तीन दिवस मनात घोळवत होतो.

२००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि पाच खुनांचा भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयानं २००६ साली सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. फेरविचार याचिकाही गेली. पुढं सप्टेंबर २०१४ मध्ये घटनापीठानं एका वेगळ्या प्रकरणात ठरवलं की फाशीचा फेरविचार बंद खोलीत कागद फिरवून करायचा नाही, तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकायचा. त्या निर्णयामुळं हे प्रकरण पुन्हा उघडलं. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि ती गोष्ट दडवली गेली होती. सहा जणांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाखांची भरपाई द्यायला न्यायालयानं राज्याला सांगितलं. तुरुंगात गेलेली सोळा वर्षं कुणी परत देऊ शकत नव्हतं.

मित्राचा मुद्दा असा की हे शेवटचं दार नसतं तर सहा निरपराध फासावर गेले असते. तो मी मान्य करतो, पूर्ण मान्य करतो. जिथं माणसाचा जीव किंवा मोकळीक पणाला लागली आहे तिथं कलम १३६ चं दार एक इंचही ढकलू नये. गरिबाकडे वकील नसेल तर सरकारी खर्चानं द्यावा आणि पोचवावा. पण याच प्रकरणातली दुसरी गोष्ट मित्राला दिसत नव्हती. २००९ साली चूक करणारंही सर्वोच्च न्यायालयच होतं. सर्वोच्च असल्यानं माणूस चुकत नाही असं होत नाही, फक्त त्याच्या चुकीवर बोट ठेवायला वर कुणी उरत नाही. दहा वर्षांनी दुरुस्ती झाली ती तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात कागद न् कागद पुन्हा तपासला म्हणून. न्यायाधीशाला मिळालेला वेळ इथं सहा जणांचं आयुष्य ठरला. तो वेळ अकरा गुंठ्यांच्या नकाशासाठी खर्चायचा का, असा प्रश्न मी मित्रालाच परत विचारला. "जमीनही माणसाचं आयुष्यच असते," असं ते म्हणाले. खरं आहे, म्हणूनच जमिनीचा न्याय जवळ आणि लवकर मिळाला पाहिजे.

न्याय जवळ असण्याची भूक या मुलखाला जुनी आहे. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या साताऱ्यात आणि सांगलीत मिळून, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. रेल्वे आणि खजिने लुटल्याच्या हकिकती सगळ्यांना माहीत असतात. आमच्या आजोबांच्या पिढीला त्याहून जास्त आठवायची ती न्यायदान मंडळं. सावकाराकडं गहाण पडलेली जमीन, भावकीतलं वाटप, टाकून दिलेल्या बायकोची पोटगी, असे तंटे गावातच, मराठीत, चार-दोन बैठकांत मिटत. इंग्रजांच्या कोर्टाची पायरी चढायची गरज राहिली नाही. त्या न्यायाला मर्यादा होत्या. पुराव्याचे नियम नव्हते, वर अपील नव्हतं, आणि शिक्षा कठोर असत. 'पत्री सरकार' हे नाव कशावरून पडलं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला ती मंडळं परत नकोत. पण लोकांनी ती का आपली मानली, हे कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्यांनी विसरू नये: निकाल देणारा माणूस त्यांना दिसत होता, तो काय बोलतो ते कळत होतं, आणि निकाल लागल्यावर ताबा मिळत होता.

म्हणून १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये कित्येक जणांचे डोळे भरून आले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी चार दशकांहून जास्त काळ वकिलांनी ही मागणी लावून धरली होती. जतच्या किंवा शिराळ्याच्या माणसानं रात्रीची गाडी पकडायची, पहाटे मुंबईत उतरायचं, फोर्टमध्ये फाटकाबाहेर चहा घेऊन अकराची वाट बघायची, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं. ती पायपीट आता कमी होईल. हे बेंच कायमचं खंडपीठ व्हावं, तिथं पुरेसे न्यायाधीश बसावेत, आणि दुसरी अपिलं तिथं वर्षा-दोन वर्षांत निघावीत. मग दिल्लीचं दार आवळलं तरी कुणाचा श्वास कोंडणार नाही.

दार आवळण्याचे प्रस्ताव जुनेच आहेत. विधी आयोगानं १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाचे दोन विभाग सुचवले, एक घटनात्मक आणि एक बाकीच्या कायद्याचा. २००९ साली आयोगानंच दिल्लीत घटनापीठ आणि चार महानगरांत अपिलं ऐकणारी पीठं सुचवली. मुंबईत असं पीठ झालं तर आमचा प्रवास वाचेल, हे खरं. तरी मला ते पटत नाही. तीन पायऱ्यांच्या दाव्याला चौथी पायरी जवळ आणून दिली तर ती चढणारे वाढतील, कमी होणार नाहीत. मिळकतीच्या खाजगी दाव्यात उच्च न्यायालय हेच शेवट मानावं, दोन उच्च न्यायालयांनी एकाच कायद्याचे दोन अर्थ लावले असतील किंवा घटनेचा प्रश्न असेल तरच दिल्लीनं लक्ष घालावं, आणि तिथं पाच न्यायाधीशांचं एक पीठ बाराही महिने बसलेलं असावं, एवढं मला पुरेसं वाटतं. यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. १९५० साली स्वतःच सांगितलेली शिस्त न्यायालयानं पुन्हा पाळली तरी झालं.

आणि पैसा तालुक्यात घाला. दर दहा लाख लोकांमागं पन्नास न्यायाधीश हवेत असं विधी आयोगानं १९८७ साली म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली पाच वर्षांत तेवढे नेमा असं सांगितलं, आणि आजही आपण एकवीसच्या आसपास आहोत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. आम्ही वकीलही यात निर्दोष नाही. अपिलात दम नाही हे माहीत असताना पक्षकाराला वर जायचा सल्ला देणारे आमच्यातलेच असतात, आणि तो सल्ला न देणाऱ्याकडून फाईल काढून नेणारे पक्षकारही मी पाहिले आहेत.

साताऱ्याहून पाच-सहा किलोमीटरवर, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुली आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्याचा ठपका रघुनाथरावांवर ठेवून त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश म्हणून महाराष्ट्र रामशास्त्र्यांना ओळखतो. शाळेत आपण ती गोष्ट निर्भयपणाची म्हणून शिकलो. मला मात्र पुढचा भाग जास्त अस्वस्थ करतो. निकाल अमलात आणायला त्यांच्याकडं एक शिपाईही नव्हता. त्यांनी पद सोडलं आणि ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. राज्याचा सर्वोच्च न्यायाधीश, पण हुकूम बजावणारा हात नाही. आज कलम १४४ सगळ्या अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या मदतीला बांधतं, तरी शेवटी निकाल चालतो तो तलाठी, बेलीफ, पोलीस पाटील या माणसांच्या हातून.

तात्यांच्या बाबतीत तेच उरलं आहे. दिल्लीत त्यांनी जिंकलं, तो आदेश घेऊन आम्ही दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, दाखल केली. हुकूमनाम्याची अंमलबजावणी सहा महिन्यांत व्हावी असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये सांगून ठेवलंय. २०२५ साली त्यानंच देशभरातून आकडे मागवले, तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं निघालं, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त, ३ लाख ४१ हजार, आपल्या महाराष्ट्रातल्या. तात्यांची त्यांतलीच एक. ताब्यासाठी बेलीफ दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा उभ्या उसामुळं हद्दीची खूण सापडली नाही, दुसऱ्यांदा बंदोबस्त मिळाला नाही. तात्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पुढची तारीख ऊस तुटून गेल्यावरची मागून घेतली आहे, आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर बांधावर मीही जाणार आहे.